गुन्हा शाबीत झाला, आता पुढे काय? दोषसिद्धीचा अर्थ, तिचे परिणाम आणि निकालाच्या दिवसापासून करायची कामे

न्यायाधीश निकाल वाचतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी घडतात, पण आरोपीच्या पिंजऱ्यातून त्या एकच वाटतात. अमुक कलमाखालचा गुन्हा शाबीत झाला असे न्यायालय ठरवते, ती दोषसिद्धी. त्या गुन्ह्याबद्दल किती कैद आणि किती दंड हे ठरवते, ती शिक्षा. जामीन मिळाला, दंड भरला, कैद भोगून झाली, तरी दोषसिद्धी जागेवरच राहते. नोकरी, निवडणूक, पासपोर्ट, कंपनीचे संचालकपद यांवरचे परिणाम तिच्यामुळेच सुरू होतात. हा फरक वेळेवर न समजल्यामुळे माणसे जामीन मिळवून घरी येतात आणि महिनाभराने बडतर्फीची नोटीस हातात पडली की गोंधळून जातात.

पुढचे सगळे भारतातल्या कायद्याबद्दल आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. वकिलांच्या तोंडी आणि जुन्या निकालांत जुनीच कलमे असतात, म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी दोन्ही दिली आहेत.

दोषसिद्धी कशाला म्हणायचे

गुन्हा नोंदवला जाणे, अटक, दोषारोपपत्र, न्यायालयाने आरोप निश्चित करणे, यांपैकी काहीही दोषसिद्धी नाही. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून खटल्याशिवाय डांबून ठेवल्यामुळे, वर्षभर तुरुंगात काढले तरी ती दोषसिद्धी होत नाही. तडजोडयोग्य गुन्हा, म्हणजे दोन्ही बाजूंना आपसात मिटवण्याची कायद्याने मुभा असलेला गुन्हा, कायद्याप्रमाणे मिटला, तर त्याचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच असतो. दोषसिद्धीनंतरही, अपील चालू असताना, अपील न्यायालयाच्या परवानगीने अशी तडजोड करता येते (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५९, जुने ३२०). धनादेश न वटल्याच्या खटल्यात तर हा मार्ग नेहमी तपासून पाहावा.

उलट ज्या दोन गोष्टी लोकांना दोषसिद्धी वाटत नाहीत, त्या दोषसिद्धीच असतात. पहिली म्हणजे गुन्हा कबूल करून किरकोळ दंड भरणे. ‘कबूल करून टाका, दंड भरा, आजच मोकळे व्हाल’ हा सल्ला न्यायालयाच्या आवारात सहज मिळतो. त्या कबुलीवर गुन्हा शाबीत झाल्याची नोंद होते. शिवाय कबुलीवरून झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपिलाचा हक्क जवळजवळ संपतो. सत्र किंवा दंडाधिकारी न्यायालयाच्या बाबतीत शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्याच मुद्द्यावर अपील करता येते (कलम ४१६, जुने ३७५). सरकारी नोकरीचा अर्ज भरणाऱ्या, वकील व्हायला निघालेल्या किंवा परदेशी शिकायला जाणाऱ्या तरुणाने मारामारी, चोरी, फसवणूक अशा कलमाखाली कबुली देण्यापूर्वी हे नीट समजून घ्यावे. त्या दिवशी वाचलेला वेळ पुढे फार महाग पडतो.

दुसरी म्हणजे परिवीक्षा, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडणे. तुरुंग टळतो, दोषसिद्धी राहते. तिचा एक मोठा फायदा मात्र आहे, तो पुढे येईलच.

निकालाच्या तारखेआधीची तयारी

निकालाच्या तारखेला आरोपीने हजर राहावेच. गैरहजेरीमुळे अजामीनपात्र वॉरंट निघते आणि नंतरच्या जामीन अर्जावेळी हीच गोष्ट सरकारी वकील पहिल्यांदा दाखवतात. निर्दोष सुटण्याची कितीही आशा असली तरी वकिलाच्या पिशवीत तीन गोष्टी तयार हव्यात.

शिक्षा तात्पुरती थांबवून जामीन देण्याचा अर्ज टाइप करून ठेवावा. जामीनदाराला सोबत न्यावे. त्याचे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, सात-बारा उतारा किंवा घरपट्टीची पावती, आणि न्यायालय मागत असेल तर ऐपतीचा दाखला जवळ असू द्यावा. निकाल दुपारी उशिरा लागला आणि जामीनदार गावाहून निघालेला नसला, तर हाती आदेश असूनही ती रात्र तुरुंगात जाते. तिसरी गोष्ट म्हणजे दंड भरण्यासाठी रोख रक्कम.

शिक्षेवरची सुनावणी

सत्र न्यायालयाच्या खटल्यात (कलम २५८, जुने २३५) आणि दंडाधिकाऱ्यापुढील वॉरंट खटल्यात, म्हणजे दोन वर्षांहून जास्त कैदेच्या गुन्ह्यांच्या खटल्यात (कलम २७१, जुने २४८), दोषी ठरवल्यानंतर शिक्षेबद्दल आरोपीचे म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात ही सुनावणी बहुधा दोन वाक्यांत आटोपते: ‘घरात कमावणारा मी एकटाच आहे, दया करावी.’ यातून न्यायाधीशाच्या हाती काही लागत नाही. वयाचा दाखला, आजारपणाची कागदपत्रे, अवलंबून असलेल्या मुलांचे आणि वृद्धांचे पुरावे, नोकरीचे पत्र, पूर्वी कधीही शिक्षा झालेली नसल्याचे म्हणणे, आणि नुकसानभरपाई देण्याची तयारी असेल तर तसा लेखी अर्ज, हे सगळे नोंदीवर आणावे. अपिलात शिक्षा कमी करण्याचा युक्तिवाद याच कागदांवर उभा राहतो.

याच वेळी परिवीक्षा मागावी. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ३ खाली काही ठरावीक गुन्ह्यांत, तसेच दोन वर्षांपर्यंत कैदेच्या गुन्ह्यांत, पूर्वी दोषसिद्धी नसेल तर नुसती समज देऊन सोडता येते. कलम ४ खाली, फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यांत, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडता येते. आरोपी २१ वर्षांच्या आतला असेल आणि गुन्ह्याला जन्मठेपेची तरतूद नसेल, तर कलम ६ प्रमाणे कारण नोंदवल्याशिवाय त्याला कैद देता येत नाही. विशेष कायद्यात किमान शिक्षा ठरवून दिलेली असेल तेव्हा मात्र ही दारे बहुतेक बंद असतात. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवण्याची विनंती अर्जातच करावी.

आता तो फायदा. या अधिनियमाच्या कलम १२ नुसार कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळे येणारी कायद्याची अपात्रता लागू होत नाही. म्हणून परिवीक्षा देताना आदेशात कोणते कलम लिहिले आहे ते तिथल्या तिथे पाहा, आणि कलम १२ चा लाभ आदेशात स्पष्ट नोंदवण्याची विनंती करा. याची मर्यादाही लक्षात असू द्या: सरकारी नोकराने केलेल्या कृत्याबद्दल खातेनिहाय कारवाई कलम १२ मुळे थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता आणि बडतर्फी या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत.

त्याच दिवशीचा जामीन

आरोपी आधीपासून जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर खटला चालवणारे न्यायालयच अपील दाखल करण्यापुरता जामीन देते (कलम ४३०, उपकलम ३, जुने ३८९). नाकारायचा असेल तर विशेष कारण लागते. गुन्हा जामीनपात्र असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तरीही हाच नियम. अपील करणार असल्याचे अर्जात स्पष्ट लिहावे लागते. हा जामीन मुदतीपुरता असतो. त्या मुदतीत अपील दाखल होऊन अपील न्यायालयाचा आदेश आला पाहिजे, नाहीतर हजर होऊन तुरुंगात जावे लागते.

शिक्षा तीन वर्षांहून जास्त असेल तर आरोपी ताब्यात जातो आणि अर्ज अपील न्यायालयातच करावा लागतो. गुन्ह्याला फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांपेक्षा कमी नाही अशी कैद असेल, तर सोडण्यापूर्वी सरकारी वकिलाला लेखी विरोध नोंदवण्याची संधी द्यावी लागते. त्यामुळे काही आठवडे धरूनच चालावे.

दंड एकदम भरणे शक्य नसेल तर गप्प बसू नका. शिक्षा फक्त दंडाची असेल, तर ३० दिवसांच्या आत भरण्याची किंवा दोन-तीन हप्त्यांची सवलत मागता येते (कलम ४६४, जुने ४२४). दंड भरला म्हणजे निकाल मान्य केला, असा समज आहे. तो चुकीचा आहे. दंड भरूनही अपील करता येते. पावती मात्र जपून ठेवा. अपील मंजूर झाले की परताव्यासाठी ती लागते.

आदेशाचा शेवटचा भाग कसा वाचावा

निकालपत्र शंभर पानांचे असो, आरोपीचे आयुष्य शेवटच्या दीड पानात असते. तिथे प्रत्येक कलम वेगळे पाहा: कोणत्या कलमातून निर्दोष, कोणत्या कलमाखाली दोषी. मग कैद सक्तमजुरीची की साधी. अनेक कलमांखाली शिक्षा असेल तर त्या एकत्र भोगायच्या की एकामागून एक, हे लिहिलेले असायला हवे. दोन वर्षे, तीन वर्षे आणि एक वर्ष अशा शिक्षा एकत्र असतील तर तीन वर्षे होतात, एकामागून एक असतील तर सहा.

दंड न भरल्यास किती कैद, तेही पाहा. ही कैद मूळ कैदेच्या वर जोडली जाते, तिच्यात मिसळत नाही. गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही असतील तर ती कमाल कैदेच्या एक-चतुर्थांशाहून जास्त असू शकत नाही.

खटला चालू असताना कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात (कलम ४६८, जुने ४२८). दंडापोटीच्या कैदेतून ते वजा होत नाहीत. आदेशात अटकेची आणि सुटकेची तारीख चुकली तर तुरुंगात हिशेब चुकतो, म्हणून रिमांडच्या कागदांवरून तारखा जुळवून घ्या आणि चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या.

नक्कल आणि मुदत

कैदेची शिक्षा झाली की निकालाची एक प्रत आरोपीला लगेच आणि मोफत मिळायला हवी (कलम ४०४, जुने ३६३). ती मागून घ्या. त्याशिवाय त्याच दिवशी सही-शिक्क्याच्या नकलेसाठी नक्कल विभागात अर्ज द्या, कारण नोकरी, बँक, पासपोर्ट कार्यालय सगळीकडे हीच नक्कल मागतात.

मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे सत्र न्यायालयात अपिलासाठी ३० दिवस, उच्च न्यायालयात ६० दिवस, आणि फाशीच्या शिक्षेविरुद्ध ३० दिवस मिळतात. निकालाचा दिवस धरत नाहीत, आणि नक्कल तयार व्हायला लागलेला काळ वगळतात. समजा दंडाधिकाऱ्यांचा निकाल ३ मार्चला लागला. तीस दिवस २ एप्रिलला संपतात. नकलेचा अर्ज ५ मार्चला दिला आणि ती १२ मार्चला तयार झाली, तर हे ८ दिवस वाढून मुदत १० एप्रिलपर्यंत जाते. नक्कल तयार असूनही ती आणायला २० मार्चला गेलात, तर मधले दिवस वगळले जात नाहीत. ही वाढीव मुदत अडीअडचणीसाठी राखून ठेवावी. उशीर झालाच तर कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. त्यात प्रत्येक टप्प्याचे कारण कागदानिशी द्यावे लागते.

दंडाधिकाऱ्याच्या निकालावर अपील सत्र न्यायालयात जाते. सत्र न्यायालयाच्या निकालावर, तसेच सात वर्षांहून जास्त कैद झाली असेल तर, उच्च न्यायालयात (कलम ४१५, जुने ३७४). तुरुंगातला माणूस अधीक्षकामार्फत अपील पाठवू शकतो. त्याला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ ने दिला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नातेवाइकानेही अर्ज दिला तर चालतो. फक्त आरोपीने केलेल्या अपिलात शिक्षा वाढत नाही. सरकारने वाढीसाठी वेगळे अपील केले असेल तर वाढू शकते.

धनादेशाच्या खटल्यातल्या अपिलासाठी पैशांचीही तजवीज हवी. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १४८ खाली अपील न्यायालय दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला सांगू शकते. त्यासाठी ६० दिवस मिळतात, पुरेसे कारण असेल तर आणखी ३०.

दोन स्थगित्या, आणि त्यातली विसरली जाणारी

शिक्षेची स्थगिती म्हणजे कैद तूर्त अमलात येणार नाही. ती बऱ्याचदा मिळते. दोषसिद्धीची स्थगिती म्हणजे दोषी ठरवणारा निष्कर्षच अपील संपेपर्यंत निष्प्रभ. ती अपवादानेच मिळते. रामा नारंग विरुद्ध रमेश नारंग (१९९५) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार मान्य केला, पण सोबत अट घातली: दोषसिद्धीमुळे नेमका कोणता परिणाम ओढवणार आहे, हे अर्जदाराने न्यायालयापुढे स्पष्ट मांडले पाहिजे.

अपिलासोबत जो ठरीव अर्ज जोडला जातो त्यात फक्त शिक्षा थांबवण्याची विनंती असते. नोकरी किंवा पद धोक्यात असेल तर दोषसिद्धीच्या स्थगितीची वेगळी विनंती, वेगळी कारणे आणि वेगळे पुरावे द्या. सेवानियमाची प्रत जोडा, खात्याची नोटीस जोडा, आणि अपील मंजूर झाले तरी गेलेली गोष्ट परत का येणार नाही ते लिहा. ‘नोकरी जाईल’ एवढे पुरत नाही. लाचलुचपतीच्या दोषसिद्धीला तर नोकरी जाते म्हणून स्थगिती देऊ नये, अशी सर्वोच्च न्यायालयाची भूमिका के. सी. सरीन प्रकरणापासून (२००१) आहे.

राहुल गांधी यांच्या मानहानी खटल्यात हा फरक साऱ्या देशाने पाहिला. २३ मार्च २०२३ रोजी सुरतच्या न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा दिली आणि अपिलासाठी ती लगेच थांबवलीही. तरी दुसऱ्याच दिवशी लोकसभा सचिवालयाने सदस्यत्व गेल्याचे जाहीर केले. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली आणि ७ ऑगस्टला सदस्यत्व परत मिळाले. कमाल शिक्षाच का दिली याचे कारण खालच्या न्यायालयाने दिले नव्हते, आणि शिक्षा एक दिवसाने कमी असती तरी अपात्रता लागली नसती, हे सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले. शिक्षेवरच्या सुनावणीकडे दुर्लक्ष करू नये ते याचसाठी.

कुठे काय परिणाम

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ८ प्रमाणे दोन वर्षे किंवा जास्त कैद झाली तर दोषसिद्धीच्या तारखेपासून अपात्रता सुरू होते आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षे राहते. २०२५ मध्ये दोन वर्षांची शिक्षा होऊन ती लगेच भोगली, तर २०३३ पर्यंत निवडणूक लढवता येत नाही. भ्रष्टाचार, अमली पदार्थ अशा काही यादीतल्या गुन्ह्यांत नुसत्या दंडानेही सहा वर्षे जातात. हुंडा प्रतिबंध आणि भेसळीच्या गुन्ह्यांत सहा महिन्यांची कैद पुरते. विद्यमान सदस्यांना अपिलासाठी मिळणारी तीन महिन्यांची सवलत सर्वोच्च न्यायालयाच्या लिली थॉमस निकालाने १० जुलै २०१३ रोजी रद्द झाली. मतदानाचे गणित वेगळे आहे. तुरुंगात असेपर्यंत मत देता येत नाही, मग तो कच्चा कैदी असला तरी. बाहेर आल्यावर देता येते.

सरकारी नोकराला संविधानाच्या अनुच्छेद ३११ मधला अपवाद लागू होतो. दोषसिद्धीला कारणीभूत झालेल्या वर्तनाबद्दल खातेनिहाय चौकशी न करता त्याला बडतर्फ करता येते, आणि अपील निकाली निघेपर्यंत खात्याने थांबलेच पाहिजे असे नाही. केंद्र सरकारच्या सेवेत ४८ तासांहून जास्त कैदेची शिक्षा झाली आणि लगेच बडतर्फी झाली नाही, तर त्या तारखेपासून निलंबन झाल्याचे मानले जाते. तरी शिक्षा आपोआप सर्वात कडकच असली पाहिजे असे नाही. खात्याने वर्तनाचे गांभीर्य पाहायचे असते. म्हणून नोटिशीला उत्तर देताना खटल्याची फेरमांडणी करत बसू नका. कृत्याचा नोकरीशी संबंध नाही, इतकी वर्षे सेवा स्वच्छ आहे, न्यायालयाने परिवीक्षा दिली, अशा मुद्द्यांवर कमी शिक्षा मागा. दोषसिद्धीची माहिती वरिष्ठांना स्वतःहून, लेखी आणि पोच घेऊन द्या. लपवणे हे वेगळे गैरवर्तन ठरते.

पासपोर्टच्या बाबतीत नैतिक अधःपतनाचा गुन्हा (फसवणुकीसारखा, माणसाची नीतिमत्ता ढासळल्याचे दाखवणारा) आणि किमान दोन वर्षांची कैद असेल, तर अर्जाआधीच्या पाच वर्षांतली दोषसिद्धी नकाराचे कारण होते. हातात असलेला पासपोर्टही जप्त होऊ शकतो. कंपनी कायद्यात मोजपट्टी आणखी कडक आहे: सहा महिन्यांच्या कैदेने, गुन्हा कोणताही असो, शिक्षा संपल्यावर पाच वर्षे संचालक होता येत नाही. सात वर्षे किंवा जास्त शिक्षा झाली तर कधीच नाही. नुसते अपील दाखल केल्याने हा अडसर हटत नाही. वकिलीची सनद नैतिक अधःपतनाच्या दोषसिद्धीने सुटकेनंतर दोन वर्षांपर्यंत मिळत नाही. ग्रामपंचायत, सहकारी संस्था, शस्त्र परवाना या प्रत्येकाचे आपापले कलम आहे. पद किंवा परवाना असेल तर तो मूळ कायदा काढून शिक्षेची किमान मर्यादा आणि काळ तपासा.

दोषसिद्ध माणसाचे घर, शेत, बँक खाते, लग्नाचा किंवा मृत्युपत्राचा हक्क यातले काही आपोआप जात नाही. मात्र हिंदू उत्तराधिकार कायद्यात ज्याचा खून केला त्याच्या संपत्तीत वारसा मिळत नाही.

अर्जातल्या प्रश्नांची उत्तरे

सरकारी नोकरीच्या वेळी पूर्वचारित्र्याच्या पडताळणीसाठी भरायच्या साक्षांकन नमुन्यात तीन-चार वेगळे प्रश्न असतात: कधी अटक झाली का, खटला चालला का, दोषी ठरवले का, काही प्रलंबित आहे का. प्रत्येकाचे उत्तर त्या प्रश्नापुरते आणि खरे द्या. अपिलात निर्दोष ठरलात तर ‘दोषी ठरवले का’ याला ‘अपिलात दोषसिद्धी रद्द’ असे लिहून आदेश जोडा. ‘अटक झाली का’ याला उत्तर ‘होय’च राहते. अवतार सिंग निकालात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खरी माहिती दिली असेल तर नियोक्त्याने गुन्ह्याचे स्वरूप पाहून विचार करावा, आणि लपवली असेल तर नियुक्ती रद्द होऊ शकते. विधिसंघर्षग्रस्त बालकांना, म्हणजे गुन्हा केल्याचा ठपका असलेल्या अठरा वर्षांखालील मुलांना, बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ ने संरक्षण आहे: त्या नोंदीमुळे अपात्रता येत नाही. सोळा वर्षांवरील ज्या मुलाला बालन्यायालयाने प्रौढाप्रमाणे खटला चालवून दोषी धरले, त्याला हे लागू नाही.

प्रौढांची जुनी दोषसिद्धी ठरावीक वर्षांनी पुसून टाकणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. शिक्षामाफीने कैद कमी होते, दोषसिद्धी तशीच राहते. ती जाते अपिलात किंवा पुनरीक्षणात (वरच्या न्यायालयाने खालच्या आदेशाची कायदेशीरता तपासण्यात) रद्द झाली की. मग ती मुळापासून नव्हतीच असे धरतात. असा आदेश मिळताच त्याची नक्कल खाते, पोलीस ठाणे आणि पासपोर्ट कार्यालयाला स्वतः पोहोचवा, कारण नोंदी आपोआप बदलतीलच असे नाही.

अपील चालू असताना आरोपी मरण पावला तरी विषय तिथेच संपू द्यायचा की नाही, हे घरच्यांच्या हाती असते. पती किंवा पत्नी, आईवडील, मुले-नातवंडे किंवा भावंडे ३० दिवसांच्या आत अपील पुढे चालवण्याची परवानगी मागू शकतात (कलम ४३५, जुने ३९४). निवृत्तिवेतन किंवा थकीत पगार त्या दोषसिद्धीमुळे अडकला असेल तर दुखवट्याच्या दिवसांतही हा अर्ज आठवणीने करावा.